हळद प्यालेला डबा

आइस्क्रीमचा डबा, प्रणालीच्या लग्नातला.
झाकणावर स्ट्रॉबेरी होती,
घासून घासून आता तिचं हिरवं देठ तेवढं उरलंय.
याच डब्यात मी दिवस गेल्यापासून
चुलीवरून उतरलेलं वरण ओतायची
आणि वेचणीला न्यायची.
वाफेनं झाकण फुगायचं,
मी अंगठ्यानं दाबून बसवायची.

बुधवारी उपकेंद्रात उईके सिस्टरनं
वजन केलं, बोटाला सुई टोचली,
लोहाच्या गोळ्या दिल्या,
आणि थैलीतून डोकावणारा डबा पाहून म्हणाली,
"यात गरम नको भरत जाऊ व.
तेलाचं नको, आंबट तं अजिबात नको."
"काऊन?"
"प्लॅस्टिकातलं काहीबाही उतरते म्हणते अन्नात."
"किती उतरते?"
ती रजिस्टरकडे पाहत राहिली.
"तेवढं मलेबी नाई माहीत."

मला ते आवडलं.
माहीत नाही म्हणणारं माणूस
आमच्या गावात फार दिवसांनी भेटलं.

रात्री लाइट गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात
फळीवरचे सगळे डबे पालथे घातले.
बुडाशी त्रिकोण, त्रिकोणात आकडा.
पाच. पाच. दोन. एकाचा पुसलेला.
बिस्किटाच्या बरणीखाली एक.
देवानंद खाटेवरून म्हणाला,
"सट्ट्याचे आकडे काढून राह्यली का?"
मी हसले नाही, मग हसले.
ज्याची भाषा कुणी शिकवली नाही
असं काहीतरी लिहिलेलं होतं
रोज हातात धरलेल्या वस्तूच्या पोटाखाली.

सकाळी सगळे डबे राखेनं घासले.
बाकीचे निघाले. वरणाचा पिवळाच राहिला.
लिंबू चोळलं, गरम पाणी घातलं.
हळद त्याच्या हाडात गेली होती.
तेव्हा सिस्टरचं म्हणणं मला माझ्यापुरतं कळलं:
जो डबा पितो
तो ओकतही असेल.

सासू म्हणाली, "आमी तं फवारणीच्या कॅनीतलं पाणी पेलो.
धुतली का झालं. तीन लेकरं झाली मले."
तिघं खरी. चौथ्याचं ती बोलत नाही.
त्याचं कशानं काय झालं, हे त्या कॅनीलाही माहीत नसेल.
मी भाकर थापत राहिले.
थोड्या वेळानं तीच उठली,
पेटीतून माझ्या आईचा स्टीलचा डबा काढून
चुलीपाशी ठेवून गेली. काही बोलली नाही.

त्याच्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय,
'गोकर्णाबाईकडून'.
मी सोडून यात आजवर कुणी जेवलं नाही,
मीही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एकदाच.
पितळी गंज दोन जुन्या पँटींसोबत भांडेवालीला गेला,
त्याच्या बदल्यात लाल टप आला,
तेव्हा हा कसा वाचला कोण जाणे.
झाकणाला पोचा आहे. घाटंजीच्या बाजारात
ठाकठोक करून घेतला, तरी एका बाजूनं गळतो.

वेचणीला जाताना कंबर भाजते.
जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं तरी भाजते.
वजनही आहे. काय सांगू, प्लॅस्टिक हलकं होतं,
पडलं तर वाजत नव्हतं,
आणि त्यात माझी पोळी मऊ राहायची.
पोळी अजूनही त्यातच नेते, गार झाल्यावर.
पिवळ्या डब्यात आता सुईदोरा आहे,
टोपड्याचे चिंध्याएवढे तुकडे,
एक हूक, चार बटणं.

दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलो.
रंजूनं टपरीवरून चहा आणला होता,
पातळ पन्नीत, वर रबर, खाली धरवत नाही इतका गरम.
तिलाही तिसरा लागलाय.
मी म्हटलं, "पन्नीत नको आणत जाऊ व चहा."
"काऊन?"
सांगितलं, जेवढं आठवलं तेवढं.
"अव पण किती उतरते असं?"
पन्नी तिच्या बोटांना चटके देत होती,
ती या हातातून त्या हातात घेत होती.
"तेवढं मलेबी नाई माहीत," मी म्हटलं,
आणि पोचा आलेलं झाकण
तिच्यापुढं धरलं.